लस टोचल्यावर पिल्लाचे तोंड सुजले तर...

दिंडोशी, गोरेगाव, मालाड या भागांतील इमारतींत आता लहान जातीची कुत्री पुष्कळ दिसतात. वन-रूम-किचनमध्ये अल्सेशियन कोठे ठेवणार? त्यातून 2003 साली हच कंपनीच्या मोबाइलच्या जाहिरातीत लहान मुलामागे धावणारा पग आला आणि घरोघरी मुलांनी हट्ट धरला. पग, पोमेरेनियन, डॅशंड, शित्झू ही पिल्ले घरात येतात आणि पाठोपाठ एक प्रश्न येतो. ‘शेजारच्यांच्या पिल्लाचे लस टोचल्यावर तोंड सुजले, मग आमच्या पिल्लाला पुढची सुई द्यावी की नाही?’

प्रश्न रास्त आहे. लहान जातींत लशीचा त्रास थोडा अधिक होतो, हे खरेच आहे. अमेरिकेत 2002 व 2003 या वर्षांत लस टोचलेल्या बारा लाखांहून अधिक कुत्र्यांची नोंद तपासण्यात आली. तीन दिवसांच्या आत काही ना काही त्रास झालेली कुत्री दर दहा हजारांत सुमारे 38 निघाली. वजन जितके कमी, तितके हे प्रमाण अधिक होते. पग व डॅशंड या जाती त्यात वरच्या क्रमांकावर होत्या. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. एकाच भेटीत जितक्या लशी अधिक, तितका धोका वाढत गेला. दहा किलोपर्यंतच्या कुत्र्यांत दर वाढीव लशीमागे 27 टक्के, तर मोठ्यांत 12 टक्के.

यावरून काही जण म्हणतात, ‘मग डॉक्टर, अर्धाच डोस द्या.’ हे मात्र करू नये. तापाचे औषध वजनावर मोजतात, लस तशी मोजत नाहीत. शरीराला रोगजंतूची ओळख पटण्यास ठरावीक मात्रा लागतेच. अर्ध्या मात्रेने कदाचित ओळखच पटणार नाही आणि आपण मात्र लस झाली या भ्रमात राहू. शिवाय ॲलर्जी बहुधा लस तयार करताना मागे राहिलेल्या प्रथिनांमुळे येते, आणि ती अर्ध्या मात्रेतही असतातच. त्यापेक्षा रेबीजची व सेव्हन-इन-वनची सुई एकाच दिवशी न घेता, मध्ये निदान दोन आठवड्यांचे अंतर ठेवता येईल का, हे पशुवैद्यकांना विचारावे. त्यात एक खेप वाढते, पण लहान पिल्लाच्या बाबतीत ती सोसावी.

आता त्रास ओळखायचा कसा? सुई घेतल्यावर पिल्लू दिवसभर सुस्त पडले, अंग किंचित गरम लागले, टोचलेल्या जागी हात लावू देईना, तर घाबरू नये. एक-दोन दिवसांत ते पूर्ववत होते. त्या जागी लहानशी गाठ आली तर ती काही आठवड्यांत विरते. वाढू लागली किंवा पू झाला तर दाखवावी. मात्र अगदी चिमुकले पिल्लू सुस्तीत खाणेच सोडते आणि रक्तातील साखर उतरून लटपटू लागते. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा साखरेचे पाणी चोळावे आणि दवाखाना गाठावा. बेशुद्ध पिल्लाच्या घशात पाणी ओतू नये.

दुसरा प्रकार ॲलर्जीचा. काही मिनिटांत किंवा काही तासांत ओठ, नाक, पापण्या सुजतात, अंगावर गांधी उठतात, पिल्लू तोंड जमिनीला घासते. हे त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे. सूज पुढे वाढेल की उतरेल, हे घरी बसून सांगता येत नाही.

तिसरा प्रकार क्वचित होतो, पण त्यात वेळ दवडून चालत नाही. सुईनंतर थोड्याच वेळात उलट्या, जुलाब, धाप, हिरड्या पांढऱ्याफटक, पाय गार, पिल्लू कोसळते. हिरडी बोटाने दाबून सोडावी. दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला नाही तर रक्ताभिसरण मंदावले आहे असे समजावे. येथे ॲड्रेनलिन व सलाइन लागते आणि ते दवाखान्यातच मिळते.

म्हणूनच लस सकाळी टोचून घ्यावी व नंतर अर्धा तास दवाखान्यातच बसावे. पुष्कळ लोक कामावरून परतल्यावर रात्री आठ-नऊला जातात. त्रास सुरू होतो तेव्हा जवळचा दवाखाना बंद झालेला असतो, आणि दिंडोशीहून परळचे जनावरांचे रुग्णालय गाठायचे म्हणजे द्रुतगती मार्गावरची गर्दी आपणांस ठाऊकच आहे! सकाळी गेल्यास दिवसभर लक्ष ठेवता येते. घरातील क्रोसिन, ब्रुफेन मुळीच देऊ नये. माणसांच्या या गोळ्या कुत्र्यांना घातक ठरू शकतात.

लशीनंतर चार दिवसांनी रक्ताचे जुलाब लागले तर दोष लशीला देऊन थांबू नये. पिल्लाला आधीच पार्व्होची लागण झालेली असू शकते. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण लशीला काही काळ दाद देत नाही, म्हणूनच सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत डोस पुन्हा पुन्हा देतात. मधलाच डोस भीतीने सोडणारी घरे पार्व्होच्या तडाख्यात सापडतात. दिंडोशीला तर राष्ट्रीय उद्यानाचे जंगल लागून आहे आणि तेथील बिबटे कुत्री खातात. डिस्टेंपर मोठ्या मार्जारांनाही सोडत नाही. 2018 मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यापैकी काहींत हाच विषाणू सापडला होता. रेबीजविषयी तर वेगळे सांगायला नको. लक्षणे दिसू लागल्यावर त्यातून जवळजवळ कोणी वाचत नाही, कुत्रा नाही आणि माणूसही नाही.

एकदा तोंड सुजले म्हणून लस कायमची बंद करावी लागत नाही. पुढच्या वेळी डॉक्टर आधी ॲलर्जीचे औषध देतात. त्याने सूज टळू शकते, पण झटका टळेलच याची हमी नाही, तेव्हा थांबायचा वेळ अधिक ठेवावा. पिल्लू पूर्वी कोसळले असेल तर डिस्टेंपर-पार्व्होच्या बाबतीत रक्त तपासून संरक्षण शिल्लक आहे का, हे पाहता येते. वार्षिक सुईच्या वेळीही गाफील राहू नये, कारण त्या अमेरिकन पाहणीत एक ते तीन वर्षांच्या कुत्र्यांना त्रास अधिक झाला होता. कार्डावर लशीचे नाव, बॅच क्रमांक, टोचल्याची वेळ आणि त्रास सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी. सुजलेल्या तोंडाचा मोबाइलवर फोटोही काढावा. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत सूज पुष्कळदा उतरलेली असते.