तेजोमेघ गोल का नसतात?

प्रश्न : सूर्य गोल, चंद्र गोल, गुरू-शनीही गोल. मग तेजोमेघच घोड्याचं तोंड, खेकडा, फुलपाखरू, अंगठी अशा वाट्टेल त्या आकारांचे कसे? की छायाचित्रांत काही करामत केलेली असते? (एक वाचक, सातारा)

उत्तर : करामतीचं आधी सांगून टाकतो. रंगांत असते, आकारांत नसते. मोठ्या दुर्बिणी वेगवेगळे फिल्टर लावून कृष्णधवल चित्रं घेतात. कोणता वायू कुठे आहे हे नीट कळावं म्हणून त्यांना नंतर रंग दिले जातात. घोडा आणि फुलपाखरू मात्र तिथे खरोखरच आहेत.

ग्रह-तारे गोल होतात, कारण त्यांचं गुरुत्वाकर्षण सगळं द्रव्य चहूबाजूंनी मध्याकडे ओढून घेतं. तेजोमेघात द्रव्य भरपूर असतं, पण ते भयंकर विरळ. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या एका घन सेंटीमीटरमध्ये २५ वर अठरा शून्यं इतके रेणू असतात. मृगातल्या प्रसिद्ध तेजोमेघाच्या दाट भागात तेवढ्याच जागेत अणू असतात ते हजारांत मोजण्याइतके. इतक्या विरळ वायूला गोल वळण लावणं गुरुत्वाकर्षणाला जमत नाही. जवळच्या ताऱ्यांचा प्रकाश, त्यांच्यापासून सुटणारे वारे, स्फोटाचे धक्के, चुंबकीय क्षेत्र, ज्याचा जोर जास्त त्याच्या मर्जीप्रमाणे ढग आकार घेतो.

घोड्याचंच बघा. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे आपल्या ओळखीचे आहेत. त्यांतल्या पूर्वेकडच्या ताऱ्याजवळ हा घोडा आहे. हार्वर्ड वेधशाळेत घेतलेल्या छायाचित्राच्या काचेवर १८८८ साली तो प्रथम ओळखला विल्यमिना फ्लेमिंग यांनी. त्या वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांच्या घरी एके काळी मोलकरीण होत्या. शोध फ्लेमिंगबाईंचा, पण पुढे निघालेल्या सूचीत श्रेय लागलं पिकरिंग यांच्या नावावर. घोडा स्वतः चमकत नाही. मागे हायड्रोजनचा लालसर पडदा उजळलेला आहे आणि त्याच्यापुढे धुळीचा थंड, काळा ढग उभा आहे. सिग्मा ओरायनिस या ताऱ्याचे अतिनील किरण त्या ढगाला सतत कुरतडतात. विरळ भाग उडून गेला, दाट भाग टिकला, आणि टिकलेल्या भागाची मान नेमकी घोड्यासारखी निघाली. सुमारे ५० लाख वर्षांत तीही झिजून जाईल असा अंदाज आहे. हबल दुर्बिणीने २०१३ मध्ये अवरक्त प्रकाशात त्याचं चित्र घेतलं, तेव्हा काळ्या घोड्याच्या जागी आरपार दिसणारा धूसर ढग दिसला. म्हणजे आकार आपण कोणत्या प्रकाशात पाहतो यावरही ठरतो.

आणि कुठून पाहतो यावरही. अभिजित ताऱ्याच्या शेजारी, स्वरमंडळ तारकासमूहात वलय तेजोमेघ आहे. सूर्यासारख्या एका म्हाताऱ्या ताऱ्याने बाहेरचे थर फेकून दिले, त्यांचं हे कडं. पण ते सपाट नाही. दोन्ही बाजूंची झाकणं काढलेलं पिंप तोंडाकडून पाहिलं तर कडंच दिसेल, तसा हा प्रकार. याउलट वृश्चिकेतला फुलपाखरू तेजोमेघ आपल्याला बाजूने दिसतो. त्याच्या कमरेभोवती धुळीचा जाड पट्टा आहे. वायूला तिथून वाट मिळत नाही, म्हणून तो दोन्ही अंगांनी बाहेर पडतो आणि पंख तयार होतात. मरणारा तारा स्वतः गोल असूनही ढग असा दुतोंडी का निघतो? ताऱ्याला जोडीदार असला की दोघांच्या फिरण्याने वायूची दिशा बदलते, हे स्पष्टीकरण आज सर्वांत पटण्यासारखं आहे.

खेकड्याचं नाव मात्र फारसं मनावर घेऊ नका. १८४४ च्या सुमारास आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी दुर्बिणीतून पाहून त्याचं चित्र काढलं आणि ते खेकड्यासारखं दिसलं. पुढे त्यांनी याहून मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं, तेव्हा खेकडा गायब झाला होता! नाव चिकटलं ते चिकटलंच. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी वृषभ राशीत एका नव्या ताऱ्याची नोंद केली. तो २३ दिवस दिवसाउजेडी दिसत होता. त्या स्फोटात उडालेल्या ताऱ्याच्या चिंध्या म्हणजे हा तेजोमेघ. सेकंदाला सुमारे १,५०० किलोमीटर वेगाने त्या अजून पसरताहेत. जॉन डंकन यांनी काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या काचा ताडून १९२१ मध्ये हे पसरणं दाखवून दिलं. त्याच्या मध्यभागी उरलेला तारा सेकंदाला ३० गिरक्या घेतो आणि आजूबाजूच्या वायूला ऊर्जा पुरवत राहतो.

यांतलं काही स्वतः पाहायचं असेल, तर डिसेंबर ते मार्च या दिवसांत शहराच्या दिव्यांपासून दूर जा आणि बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला साधी द्विनेत्री लावा. मृगातला तेजोमेघ लगेच सापडेल. लहान दुर्बीण असेल तर त्यातले चार तारेही वेगळे दिसतील. त्यांतल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याने तो ढग आतून पोखरला आहे. दिसेल तो राखाडी, फार तर हिरवट पुंजका. अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. छायाचित्रातला गुलाबी रंग दिसला नाही म्हणून दुर्बीण दुकानात परत करायला जाऊ नका.