सुधारित चुलीची निवड : सरपण, धूर आणि खर्च

ग्रामीण कुटुंबाच्या खर्चाचा हिशेब मांडताना सरपणाकडे सहसा दुर्लक्ष होते. सरपण पुष्कळदा विकत घ्यावे लागत नाही, हे त्याचे कारण होय. परंतु रानातून मोळी आणण्यात स्त्रियांचे जे श्रम खर्ची पडतात आणि चुलीपुढे बसल्याने जो धूर त्यांच्या व लहान मुलांच्या छातीत जातो, त्याची किंमत कुटुंबाला मोजावीच लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील प्रदूषित हवेमुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू ओढवले.

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे गॅस असंख्य घरांत पोहोचला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण देशात सुमारे ५९ टक्केच आढळले. गॅस असलेल्या अनेक घरीही आंघोळीचे पाणी आणि भाकरी यांसाठी चूल पेटतेच. धुरापासून पूर्ण सुटका गॅस वा विजेनेच होईल. पण जेथे चूल आहे तेथे ती निदान चांगली असावी, हा विचार अगत्याचा ठरतो.

उष्णतेचा हिशेब

एक किलो वाळलेल्या लाकडापासून सुमारे ३,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते. तीन दगडांच्या उघड्या चुलीत त्यातील जेमतेम १० टक्के भांड्याला लागते. उरलेली आजूबाजूला वाया जाते. वीस लिटर पाणी २० अंशांपासून ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास ५०० किलोकॅलरी लागतात. म्हणजेच साध्या चुलीत त्यासाठी सुमारे १.४ किलो लाकूड जाळावे लागते. चुलीची कार्यक्षमता २५ टक्के असेल, तर तेच काम ०.६ किलोहून कमी लाकडात होते. रोज एवढेच पाणी तापविले तरी वर्षाकाठी तीन क्विंटल लाकूड वाचते.

धूर म्हणजे पुरते न जळालेले सरपण होय. ज्वालेला खालून पुरेशी हवा मिळाली आणि आच कोंदणात राहिली, तर धूर कमी होतो व भांडेही लवकर तापते. म्हणूनच सुधारित चुलीत जाळी, बंदिस्त भट्टी आणि भांड्याच्या बुडाशी बेताची फट असते. भारतीय मानक १३१५२ प्रमाणे साध्या हवेवर चालणाऱ्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के व पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के असावी लागते. चूल कोणतीही असो, ओले लाकूड घातल्यास बरीचशी उष्णता त्यातील पाणी आटविण्यातच खर्च होते.

कोणत्या घरी कोणती चूल

धुराड्याची, दोन वैलांची मातीची वा सिमेंटची स्थिर चूल मोठ्या कुटुंबास सोयीची असते. एकाच जाळावर भात व आमटी शिजते आणि धूर छपराबाहेर जातो. मात्र धुराड्यातील काजळी वेळोवेळी काढावी लागते. धातूची फिरती चूल लहान कुटुंबास किंवा भाड्याच्या घरात राहणाऱ्यांस उपयोगी पडते. पण तिचा धूर घरातच राहत असल्याने ती ओसरीवर अथवा अंगणात पेटवावी. पंख्याची चूल सर्वांत कमी धूर करते. परंतु ती महाग असते, तिला वीज लागते आणि लाकडाचे लहान तुकडे करावे लागतात. ज्या घरी तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या हेच इंधन आहे, तेथे अरुंद तोंडाची चूल अडचणीची होते.

थंडीत घर उबदार ठेवण्यासाठी शेगडी पेटवून दारे-खिडक्या बंद करण्याची चाल मात्र घातक आहे. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्यामुळे झोपेतच मृत्यू ओढवू शकतो.

मागील योजनेचा धडा

१९८३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमाखाली २००२ पर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसविण्यात आल्या. त्यांपैकी अनेक काही काळाने वापरातून गेल्या. कोठे धुराडे काजळीने बुजले, कोठे दुरुस्तीस कारागीर मिळाला नाही. तर कोठे मोठे भांडे बसेना म्हणून गृहिणीने चुलीचे तोंडच फोडून रुंद केले आणि त्याबरोबर सारा लाभ संपला. ज्वारी-बाजरीची भाकरी तव्यावरून काढून विस्तवापाशी उभी करून शेकावी लागते. तेवढी जागा नसलेली चूल कितीही कार्यक्षम असली तरी महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात टिकणे कठीण.

निवडीची कसोटी

म्हणून ग्रामपंचायतीने घाऊक खरेदीपूर्वी निरनिराळ्या प्रकारच्या दोन-तीन चुली काही घरांत चाचणीसाठी द्याव्यात. सकाळी सरपण तोलून द्यावे, नेहमीचाच स्वयंपाक करावा आणि उरलेले सरपण संध्याकाळी पुन्हा तोलावे. जुन्या व नव्या चुलीवर प्रत्येकी तीन दिवस ही नोंद ठेवल्यास खरी बचत कळते. हे मोजमाप शाळेतील विज्ञानाच्या तासालाही विषय पुरवील. चुलीची किंमत तिच्या आयुष्याच्या वर्षांनी भागून त्यात दुरुस्तीचा खर्च मिळविला आणि त्याची तुलना वाचलेल्या सरपणाशी केली, म्हणजे स्वस्त चूल कोणती याचे उत्तर मिळते.

या चाचणीत अखेरचा शब्द चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीचा असावा. तिच्या सोयीची चूल वर्षानुवर्षे पेटते. गैरसोयीची चूल अनुदानातून आली तरी अडगळीत पडते. गावातील एखाद्या कुंभारास किंवा गवंड्यास दुरुस्तीचे शिक्षण दिले, तर चुलीचे आयुष्य वाढेल आणि गावातच एकास काम मिळेल.