लिपी, आज्ञावली आणि जाळे : आपल्या अक्षरांची मालकी कोणाची?

छापखाना ज्याच्या हाती, त्याचेच म्हणणे लोकांपर्यंत पोहोचते, हा विसाव्या शतकाचा अनुभव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले आणि पुढे स्वतःचा छापखानाही उभारला, त्यामागे हीच जाण होती. आज छापखान्याचे बरेचसे काम संगणक आणि मोबाइल करीत आहेत. त्यामुळे जुना प्रश्न नव्या रूपात समोर येतो. आपण जे लिहितो ते कोणत्या चिन्हांत साठते, कोणत्या आज्ञावलीने उघडते आणि कोणत्या मार्गाने दुसऱ्यापर्यंत जाते? या तिन्हींवर सत्ता कोणाची?

लिपी

संगणक अक्षरे ओळखत नाही. तो अंक साठवितो. कोणत्या अक्षराला कोणता अंक हे सर्वांनी मिळून ठरविले नाही, तर एकाचे लिहिलेले दुसऱ्याला वाचता येत नाही. मराठीचे नेमके हेच झाले. टंकलेखनाच्या आणि छपाईच्या दुकानांत देवनागरीचे जे फाँट आधी रूढ झाले, त्यांनी रोमन अक्षरांच्या अंकांवर देवनागरीची चित्रे बसविली होती. अशा एका सर्वत्र पसरलेल्या फाँटमध्ये पडद्यावर 'भारत' दिसे. संगणकाच्या स्मृतीत मात्र 'एच, के, के, जे, आर' ही रोमन अक्षरे असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर उरे ती निरर्थक अक्षरांची रांग. लेखन आपले, पण ते वाचण्याची किल्ली दुसऱ्याकडे, अशी ही अवस्था होती.

यावरचा उपाय सार्वजनिक प्रमाणाचा होता. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या 'सी-डॅक' या शासकीय संस्थेने भारतीय लिपींच्या संगणकीकरणाचे काम पुढे नेले. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' ही संकेतप्रणाली प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरून घेतली. युनिकोडमध्ये 'भ'चा अंक २३४९, कान्याचा २३६६, 'र'चा २३५२ आणि 'त'चा २३४०. हे अंक यवतमाळात, मुंबईत आणि लंडनमध्ये सारखेच आहेत. 'ॲड.' लिहिताना लागणाऱ्या आपल्या 'ॲ'ला मात्र तेथे स्वतंत्र स्थान मिळण्यास २००८ साल उजाडले. प्रमाण ठरविले जाते तेथे त्या भाषेचे जाणते लोक असावे लागतात, हा यातील धडा होय.

खुल्या संकेताचा लाभ किती मोठा, याचे एक उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचा पाली तिपिटक संगणकावर आणून विनामूल्य उपलब्ध केला. आज तोच पाठ देवनागरी, सिंहली, ब्रह्मी, थाई आणि रोमन अशा अनेक लिप्यांत वाचता येतो. प्रत्येक अक्षराचा अंक निश्चित आणि सर्वांना ठाऊक असल्यामुळेच असे लिप्यंतर संगणकाकडून होऊ शकते.

आज्ञावली

अंकांवर काम करणारी आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, हा दुसरा टप्पा. १९८३ साली अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा पाया घातला. आज्ञावली हव्या त्या कामासाठी चालविणे, ती आतून तपासून बदलणे, तिच्या प्रती दुसऱ्याला देणे आणि आपण सुधारलेली आवृत्ती वाटणे, ही चार स्वातंत्र्ये त्यांनी मांडली. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 'लिनक्स'चा गाभा लिहिला. ग्नू आणि लिनक्स यांच्या मेळातून पूर्ण संगणक चालविणारी मुक्त प्रणाली तयार झाली.

इंग्रजीत 'फुकट' आणि 'मुक्त' या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्याने तेथे गोंधळ होतो. मराठीत तो होण्याचे कारण नाही. फुकट मिळालेली वस्तू देणारा उद्या परत मागू शकतो. मुक्त आज्ञावलीचा हक्क वापरणाऱ्याच्या हाती राहतो. म्हणूनच स्वयंसेवकांना कोणाच्या परवानगीची वाट न पाहता फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस मराठीत आणता आले. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने घडविलेले 'मुक्ता' आणि 'बालू' हे देखणे देवनागरी फाँटही असेच खुल्या परवान्याखाली आहेत. केरळ राज्याने तर शालेय संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर नेले.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अनेक कार्यालयांत विशिष्ट कंपनीचीच आज्ञावली चालते. ती विद्यार्थ्याला न शिकविणे म्हणजे त्याची नोकरीची वाट अरुंद करणे होय. म्हणून तीही शिकवावी. मात्र तेवढेच म्हणजे संगणकशिक्षण नव्हे. कोणते बटण दाबावे हे शिकलेला विद्यार्थी वापरकर्ता होतो. आत काय चालते हे पाहू शकणारा विद्यार्थी निर्माता होऊ शकतो.

जाळे

१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली. या जाळ्यात प्रत्येक संदेशाचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो, ते वाटेल त्या मार्गाने जातात आणि मुक्कामी पुन्हा जोडले जातात. तुकडा श्रीमंताचा की गरिबाचा हे वाटेवरील यंत्राने पाहू नये, हे तत्त्व महत्त्वाचे आहे. काही निवडक संकेतस्थळे फुकट दाखविण्याची योजना भारतात आली, तेव्हा ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकुरानुसार भेदभाव करणाऱ्या दरांवर बंदी घातली. गरिबाला जाळ्याचा एक कोपरा फुकट मिळण्यापेक्षा संपूर्ण जाळे समान अटींवर मिळणे अधिक न्यायाचे, असा या निर्णयाचा अर्थ मी घेतो.

आपले कर्तव्य

१९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर गेलेली पिढी आता आपल्यातून जात आहे. तिच्या आठवणी, गावोगावच्या विहारांच्या नोंदवह्या, जुन्या स्मरणिका हा आपला इतिहास आहे. तो एखाद्या मोबाइलमध्ये किंवा बंद पडलेल्या फाँटमध्ये अडकून राहिला, तर पुढील संशोधकाच्या हाती काहीच लागणार नाही.

म्हणून माजी विद्यार्थी आणि पालक यांना काही सूचना कराव्याशा वाटतात. मराठी लेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या फाँटमधील मजकूर रूपांतरित करून घ्यावा आणि रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात, म्हणून मूळ कागदाशी ताडून पाहावा. प्रत्येक दस्तऐवजाच्या किमान तीन प्रती ठेवाव्यात. त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी. ध्वनिमुद्रणाबरोबर सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि दिनांक लिहून ठेवावा व त्याची संमती घ्यावी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपल्याने अनेक चांगले संगणक अडगळीत जाण्याची शक्यता आहे. त्यांवर हलकी लिनक्स प्रणाली बसविली, तर ते वसतिगृहाच्या अभ्यासिकेत आणखी काही वर्षे उपयोगी पडतील. आपल्यापैकी जे अभियंते झाले आहेत त्यांनी सुटीतील दोन दिवस या कामासाठी द्यावेत आणि मुलांना सोबत बसवून ते करावे, ही नम्र विनंती.

जय भीम.