मनगटावरचे यंत्र आणि त्याची निगा

कला शाखेत शिकणाऱ्याने कविता वाचाव्यात, नाटकात काम करावे, फार तर तिकिटे जमवावीत. डोळ्याला भिंग लावून घड्याळे कसली उघडायची? माझा छंद कळल्यावर असा प्रश्न हमखास येतो. घड्याळजीचा धंदा चार परिच्छेदांत शिकवता येत नाही, तसा माझा हेतूही नाही. परंतु चावीचे घड्याळ कसे चालते व कशाने थांबते एवढे समजले, तर ते सांभाळणे कोणालाही जमते, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

चावी दिली की डबीतील मुख्य स्प्रिंग आवळली जाते. मोकळी सोडली तर ती क्षणात उलगडेल. तीच शक्ती सुमारे दीड दिवस पुरवून वापरणे, हे घड्याळाचे खरे कौशल्य होय. चाकांच्या मालिकेतून ही शक्ती शेवटच्या एस्केप चाकापर्यंत पोचते. तेथे दोन नख्यांचा पॅलेट तिला अडवतो. बॅलन्स एकदा इकडे, एकदा तिकडे झुलतो आणि प्रत्येक झोक्याला चाकाचा अडकलेला दात सुटून दुसरा अडकतो. आपण ऐकतो ती टिकटिक हीच. बॅलन्सला परत फिरवणारी सर्पिल हेअरस्प्रिंग डच शास्त्रज्ञ ह्यूजेन्स याने १६७५ मध्ये जगापुढे आणली, आणि खिशातल्या घड्याळाला मिनिटकाटा लावण्यात अर्थ आला.

एच. एम. टी. च्या ‘जनता’सारख्या घड्याळात सेकंदाला ५ ठोके पडतात, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. असे घड्याळ रोज ३० सेकंद मागे पडले तर आपण कुरकुरतो. पण हिशेब करून पाहावा : ही चूक २,८८० सेकंदांत एका सेकंदाची आहे! आपल्यापैकी किती जणांची कामे इतकी बिनचूक असतात?

घड्याळाचे मुख्य शत्रू तीन : धूळ व वाळलेले तेल, पाणी आणि लोहचुंबक. तेल वाळले की घड्याळ मंदावते व शेवटी थांबते. पाणी शिरले की पोलादी भाग गंजतात. चुंबकत्व लागले की हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ एकाएकी फार पुढे धावू लागते. म्हणून रात्री ते रेडिओच्या किंवा मोबाइलच्या स्पीकरजवळ ठेवू नये.

आता उघडण्याविषयी. शिकण्यासाठी जुन्या बाजारातले बंद घड्याळ घ्यावे. घरातले आठवणीचे घड्याळ कधीही घेऊ नये. पहिला नियम असा, की स्प्रिंगचा ताण आधी उतरवावा. खिट्टी हलकेच बाजूला धरून चावीची कळ बोटांत सावकाश फिरू द्यावी. ताण असताना पॅलेट काढला तर सगळी चाके भन्नाट सुटतात व बारीक आस मोडतात. पुढे काटे, तबकडी, बॅलन्स, पॅलेट, चाके, डबी या क्रमाने सोडवावे. प्रत्येक स्क्रू कोठला ते कागदावर लिहावे आणि सुटे भाग उपड्या काचेच्या वाटीखाली झाकावेत. स्वच्छ केल्यावर जोडणी उलट क्रमाने करावी. पॅलेट बसवण्यापूर्वी किंचित चावी देऊन पाहावे : चाके सहज फिरून थांबताना जराशी उलटी वळली, तर मालिका मोकळी आहे असे समजावे.

तेलाच्या बाबतीत हात आखडता हवा. मुख्य स्प्रिंगला दाट तेल, बॅलन्सच्या आसाला पातळ, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढेच. हेअरस्प्रिंगला तेलाचा स्पर्शही नको. जास्त तेल पसरते, धूळ धरते आणि निगा राखण्याच्या उत्साहातच घड्याळ बिघडते. फार जुन्या, अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांचा रंग मात्र खरवडू नये. त्यात रेडियम असू शकते.

या छंदाला आज आणखी एक अर्थ आला आहे. एच. एम. टी. ने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोर येथे घड्याळे बनवण्यास प्रारंभ केला. पहिल्या पगाराचे, परीक्षेतल्या यशाचे, लग्नातले घड्याळ म्हणून ती घरोघरी गेली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एच. एम. टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मान्यता दिली. एका घड्याळाचा सुस्थितीतील भाग दुसऱ्याला जीवदान देतो तो आता अशा वेळी. म्हणून हरवलेला एक स्क्रूही मला किरकोळ वाटत नाही. गावोगावचे वृद्ध घड्याळजी दुकाने मिटवीत आहेत. त्यांच्या बोटांतले ज्ञान कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही. त्यांच्यापाशी चार संध्याकाळी बसावे, पाहावे, विचारावे. इतिहास आणि भाषा शिकणाऱ्यांनी जुने जपायचे असते. मग पोथी जपावी तशीच चालती वस्तूही का जपू नये?