कुंडीतले झाड एकाएकी करपले तर : आधी ओळख, मग उपाय

सभासद बंधु-भगिनींनो,

ऊस सोडून कुंड्यांचा विषय कुठून काढला, असे काहींना वाटेल. पण उसाचेच खत, उसाचाच पंप आणि उसाचेच तणनाशक घरापुढच्या झाडांवर कसे उलटते, हे गेल्या उन्हाळ्यात पाहिले, म्हणून लिहितो.

एक सभासद करपलेली फांदी घेऊन गट ऑफिसात आले. म्हणाले, "साहेब, रोग पडलाय. जालीम औषध लिहून द्या." घरी जाऊन पाहिले. पिंपे कापून केलेल्या कुंड्यांत दोन लिंबे, एक पेरू आणि एक आंब्याचे कलम. चारही झाडे एकाच आठवड्यात बिघडलेली. विचारपूस केली. शनिवारी प्रत्येक कुंडीत मूठभर युरिया टाकला होता. रविवारी भर दुपारी माव्यासाठी फवारणी केली. पंप कोणता? तर उसात टू-फोर-डी मारलेला. आता झाड सावरावे म्हणून आणखी एक मूठ युरिया टाकायचा बेत होता! तो हात थांबवला, हेच पहिले औषध.

रोग की आपलाच उपचार?

रोग किंवा कीड एखाद्या फांदीवर सुरू होते आणि हळूहळू पसरते. निरनिराळ्या जातींची झाडे एकदम बिघडली आणि मागच्या आठ-दहा दिवसांत आपण काही दिले असेल, तर संशय आधी आपल्या हातावर घ्यावा. मग पाने नीट पाहावीत.

१) खताचा चटका : पानांचे शेंडे व कडा करपतात. माती ओली असूनही झाड सुकल्यासारखे दिसते.

२) फवारणीचा चटका : थेंब जिथे साचले तिथेच डाग पडतात. नंतर फुटलेली पाने स्वच्छ असतात. कडक उन्हात गंधक किंवा तेलकट औषध मारल्यास असे हमखास होते.

३) टू-फोर-डीची बाधा : कोवळे शेंडे पिळवटतात, पाने अरुंद होऊन मुडपतात.

४) पाणी साचणे : पाने पिवळी पडून माना टाकतात. मुळ्या तपकिरी होतात, मातीला कुबट वास येतो. कुंडीचे खालचे भोक बुजले आहे का ते पाहावे.

आमच्या सभासदांकडे कडा करपल्या होत्या आणि पेरू-लिंबाचे शेंडेही पिळवटले होते. म्हणजे खत आणि पंप, दोन्ही दोषी.

मुठीचा हिशेब

एका एकरात वरच्या सहा इंचांत सुमारे ९ लाख किलो माती असते. त्यात ४५ किलोचे एक पोते युरिया टाकले, तर २० किलो मातीच्या वाट्याला फक्त १ ग्रॅम येतो. २० किलो मातीच्या कुंडीत मूठभर, म्हणजे ४० ग्रॅम धरला, तरी तो चाळीसपट झाला! शेतात मुळी बाजूला पळते, कुंडीत ती जाणार कुठे?

उपाय

खत जास्त झाले असेल तर वर दिसणारे दाणे काढून टाकावेत. भोक मोकळे करून कुंडीच्या मापाच्या दुप्पट साधे पाणी सावकाश ओतावे व खालून वाहू द्यावे. पुढे महिना-दीड महिना खत बंद. फवारणी त्याच दिवशी लक्षात आली तर पाने धुवावीत व कुंडी सावलीत ठेवावी. तणनाशकाला मात्र उतारा नाही. बेताचे पाणी द्यावे व वाट पाहावी. त्या बहराची फळे खाऊ नयेत.

फांदी कापण्याची घाई नको. नखाने साल जराशी खरवडावी. आत हिरवे असेल तर जीव आहे. मातीत तणनाशक असल्याचा संशय असेल, तर त्या मातीत आणि चांगल्या मातीत घेवड्याचे चार-चार दाणे लावून दोन-तीन आठवडे दोन्हींची रोपे ताडून पाहावीत.

त्या चार झाडांपैकी तीन पावसाळ्यात फुटली. पेरू गेला.

तेव्हा बंधूंनो, तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवा, त्यावर लाल पट्टा ओढा. नवे औषध आधी एका फांदीवर मारून तीन-चार दिवस थांबा. बांधावर लावायची पिशवीतली कलमे आणि एक डोळ्याची ऊस रोपे यांनाही हाच नियम. काय दिले, कधी दिले, हे वहीत लिहा. ती वही घेऊन गट ऑफिसात आलात, तर निदान निम्मे तिथेच होते.

आपला,
ऊस विकास अधिकारी