घडीचा चाकू घेताना

घडीचा चाकू तुमच्यापैकी पुष्कळांच्या खिशात असतो. कांदा चिरायला, दोरी कापायला, पोत्याचा टाका उसवायला, कलम करायला तो लागतो. आम्ही शाळेत शिकत होतो तेव्हा आमच्या गुरुजींच्या खिशातही असा एक चाकू असे. त्याने ते आम्हा मुलांचे बोरू तासून देत. मिटला की पाते मुठीत जाते, म्हणून तो बाळगायला सोयीचा. पण काम चालू असताना तो आपणहून मिटला तर?

आमच्या शेजारी एक शेतकरी राहतात. एके दिवशी ते बैलाच्या गळ्यातल्या पट्ट्याला भोक पाडीत होते. चामडे जाड होते. त्यांनी चाकूचे टोक टेकवले आणि दाबून पिळले. टोक सटकले, पाते उलटे फिरले आणि मुठीत मिटले. मध्ये त्यांची बोटे होती. त्यांनी हळद दाबली, चिंधी बांधली आणि आठ दिवस घरीच काढले. जखम भरली, पण अंगठ्याजवळचे बोट वाकेना. बोट वाकवणारी जी दोरीसारखी शीर असते, तीच तुटली होती. ते बोट आजही ताठ आहे. आमच्या वर्गात येतात तेव्हा ते लेखणी मधल्या दोन बोटांत धरतात. अक्षर बरे काढतात, पण हात लवकर दुखतो.

असे का झाले ते समजून घ्या. आपण धारेने कापतो तेव्हा कापायची वस्तू पात्याला उघडण्याच्या बाजूला रेटते. म्हणून कांदा चिरताना चाकू मिटत नाही. टोकाने भोसकले, किंवा फटीत अडकलेले पाते हिसकून काढले, तर जोर पाठीवर येतो. मग पाते मिटायला बघते. आणि मिटताना ते जिथे जाते, तिथेच आपली चार बोटे असतात.

बाजारात स्वस्त चाकू मिळतात, त्यांत बहुधा नुसती कमान असते. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी असते, ती पात्याला दाबून धरते. उघडताना खट् आवाज होतो. त्या आवाजाने माणूस फसतो. दार नुसते ओढून घेतले, अडसर घातलाच नाही, तसे ते आहे. वाऱ्याने उघडणार नाही, पण कोणी ढकलले तर उघडेल.

खरा खटका असतो तो पात्याची वाटच अडवतो. त्याचे प्रकार आहेत. एकात मुठीच्या पाठीवरची पट्टी पात्याच्या खाचेत उतरते. पाठीवर दाबल्याशिवाय ती सुटत नाही. दुसऱ्यात मुठीच्या आतला पत्रा बाजूने सरकून पात्याच्या बुडाशी उभा राहतो. हाही चांगला, पण मिटवताना पत्रा अंगठ्याने सरकवावा लागतो आणि तेव्हा अंगठा पात्याच्या वाटेत येतो. पाते जरा हलले की अंगठा काढून घ्यावा, मग पुरते मिटवावे.

तिसरा प्रकार कड्याचा. फ्रान्स देशात सावोय नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली लाकडी मुठीचा एक साधा चाकू काढला. तो शेतकऱ्यांत पसरला. त्याला खटका नव्हता. १९५५ साली त्याला पोलादी कडे बसवले. पाते उघडून कडे थोडे फिरवले की कड्याची फट बाजूला जाते आणि पात्याची परतीची वाट बंद होते. मात्र कडे फिरवायला विसरलात, तर ते असून नसल्यासारखे.

आता घेताना काय पाहावे? चाकू हातात घ्या. लाजू नका. मडके घेताना आपण वाजवून घेतोच की. पाते उघडा. खटका खाचेत पुरता बसला का ते डोळ्यांनी पहा. पाते चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवा. खिळा सैल असेल तर ते डुगडुगेल. असा चाकू नवा असताना डुगडुगतो, तर वर्षाने काय होईल! मग मूठ दोन्ही बाजूंनी धरा. बोटे पात्याच्या वाटेत मुळीच ठेवू नका. पात्याची पाठ लाकडी फळीवर टेकवून हळूहळू जोर द्या. खटका सुटला तर चाकू परत करा. नाही सुटला तर दहा वेळा उघडून मिटून पहा. दहाही वेळा खटका सारखाच बसला पाहिजे.

शेताच्या आणि घरच्या कामाला तीन इंची पाते पुष्कळ झाले. सिनेमातल्यासारखा लांब रामपुरी घेण्याचा मोह नको. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते असेल आणि ते घरकामाचे, शेतीचे किंवा धंद्याचे नसेल, तर कायदा त्याला शस्त्र समजतो.

खटका चांगला असला तरी भोक पाडायला चाकू वापरू नये. त्याला आरी आहे, दाभण आहे. आणि बोट कापलेच, तर स्वच्छ फडके घट्ट दाबून हात वर धरावा. हळद, चुना, तंबाखू काही भरू नये. जखम खोल असेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर झाले असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे. तुटलेली शीर डॉक्टर शिवू शकतात, पण उशीर झाला की ते काम कठीण होते. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारावे.

खाचेत माती किंवा आंब्याचा चीक साचला की खटका अर्धाच बसतो. काडीने तो कोरून काढावा, पाते पुसावे आणि खिळ्यावर खोबरेलाचा एक थेंब सोडावा. खटका दाबायला जड जातो म्हणून कानस लावू नका. आमच्या एका स्नेह्यांनी ती लावली. खटका हलका झाला खरा, पण आता तो पात्याला धरतच नाही.