तिसरा रूळ सोडताना

कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये उघडलं, तेव्हापासून मामा तिथे जात. आपलंही इंजिन तिथल्या गाड्यांसारखं पुन्हा धावावं, ही त्यांची इच्छा राहून गेली. त्यांच्या पश्चात ते हॉर्नबी डब्लोचं छोटं टँक इंजिन फरीदाबादला माझ्याकडे आलं. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने ही गाडी १९३८ मध्ये तीन रुळांवर आणली. दोन रूळ आले १९५९ मध्ये. मामांचं इंजिन त्याआधीचं, माझे रूळ आजचे. गेज दोन्हींचं १६.५ मिलिमीटरच, म्हणून इंजिन रुळावर व्यवस्थित बसायचं आणि त्याच क्षणी शॉर्ट होऊन कंट्रोलर बंद पडायचा. ते दोन रुळांवर चालवायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

१. आधी विजेची वाट कागदावर काढा. तीन रुळांत वीज मधल्या रुळावरून पोटाखालच्या कलेक्टरमध्ये येते, तिथून मोटरला, आणि सांगाडा-चाकांतून बाहेरच्या रुळांना परत जाते. दोन रुळांत मात्र एक रूळ आणणारा, दुसरा नेणारा. आरपार धातूची चाकं त्या दोघांना थेट जोडतात. एका बाजूची चाकं इन्सुलेट केली आणि त्या बाजूची वीज कलेक्टरच्या तारेला दिली, की झालं.

२. मोटर उघडू नका. मी उत्साहाच्या भरात आर्मेचर काढलं. जुन्या चुंबकाच्या टोकांना लोखंडाचा तुकडा न लावता असं केलं की त्याची ताकद उतरते. मोटर जास्त करंट खाऊन तापू लागली, आणि चुंबक पुन्हा भारून घ्यावा लागला.

३. इन्सुलेशन चाकाच्या धावेपाशी करा, आसापाशी नको. आसापाशी केलं तर चाकाचा मधला भाग आणि जोडदांडाही रुळाच्या विजेवर राहतात. दांडा कुठे सांगाड्याला टेकला, की पुन्हा शॉर्ट. फरीदाबादच्या एनआयटी भागात लेथची दुकानं भरपूर, पण त्यांचा हात मोठ्या शाफ्टला सरावलेला. चाकाचा गाभा जस्ताच्या मिश्रधातूचा, ठिसूळ. पहिल्या दुकानात चकमध्ये आवळताच तो कुरकुरला, तेव्हा मी काम थांबवलं. दुसरीकडे एका वयस्कर कारागिराने आधी लाकडाची वाटी खरादली आणि चाक तिच्यात अलगद धरलं. पोलादी धाव उतरवून गाभा केसभर घासला. त्यावर अ‍ॅराल्डाइटमध्ये भिजवलेला पातळ कागद गुंडाळून धाव परत चढवली आणि रात्रभर तसंच ठेवायला सांगितलं. सकाळी चाक गरगर फिरवून पाहिलं, तर कुठेही लचकत नव्हतं. अशी माणसं आपल्या शहरात आहेत, त्यांना शोधून काढा.

४. चाकं काढण्याआधी फोटो घ्या. डाव्या आणि उजव्या चाकांवरच्या, दांडा धरणाऱ्या पिना एकमेकींशी ९० अंशांत असतात. ते जरा चुकलं की दांडे अडतात आणि इंजिन लंगडतं.

५. इन्सुलेट केलेली चाकं सगळी एकाच बाजूला हवीत, मागची छोटी जोडीसुद्धा. मल्टिमीटरने तपासताना मोटरची तार सोडवून ठेवा. मी ती तशीच ठेवली, मोटरमधूनच काही ओहम दिसले, आणि त्यापायी ठीक असलेली दोन चाकं पुन्हा उतरवली.

६. इन्सुलेट केलेल्या धावांवरून वीज घेणारी पट्टी फॉस्फर ब्राँझची घ्या. जुन्या रिलेमध्ये ती मिळते. तसे रिले शोधायला मेट्रोच्या व्हायोलेट लाइनने थेट दिल्लीत लाल किल्ल्याला उतरलं की समोर लाजपतराय मार्केट. पट्टी धावेला नुसती स्पर्शावी. दाब वाढला की चाक अडखळतं. आणि उन्हाळ्यात लू सुटली की इथली धूळ पट्टीवर बसते, म्हणून दर आठवड्याला पुसा.

७. जुन्या डब्यांची धातूची चाकंही शॉर्ट करतात, प्लॅस्टिकची बसवा. शिवाय तीन रुळांत बिनघोर चालणारा परतीचा फास दोन रुळांत स्वतःशीच शॉर्ट होतो. तेवढा तुकडा वेगळा तोडून त्याला उलटवणारा स्विच लावा.

८. काढलेला कलेक्टर आणि त्याचे स्क्रू चिठ्ठीसह डबीत जपून ठेवा. पट्टीची तार सोडवून कलेक्टर परत लावला, तर हेच इंजिन तीन रुळांवरही धावतं. माझी डबी मामांच्याच खोक्यात आहे.